लायसन्स आहे, बिल नाही

औरंगपुऱ्यात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली स्टेशनरी, शेजारी चष्मेवाला. अरुंद जिना चढून माणूस वर यायचा, मला बघायचा आणि विचारायचा, "साहेब कुठंयत?" सव्वीस वर्षं हा प्रश्न ऐकला. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, पुढं नुसतं "बोला" म्हणायला लागले. हातातला स्क्रूड्रायव्हर बघून निम्म्यांना उमगायचं. उरलेले "मिस्तरी आला की सांगा" म्हणून खुर्चीत बसून राहायचे. एक गृहस्थ तर मी त्यांच्या डोळ्यांदेखत मशिन उघडून, पंख्यात अडकलेली झुरळं काढून, पुन्हा चालू करून दिलं तरी जाताना म्हणाले, "साहेबांना नमस्कार सांगा."

गेल्या वर्षी दुकान बंद केलं. या अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर अशाच गमती लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसले आणि काकडे गुरुजींचीच गोष्ट समोर आली. तिला बरीच वर्षं झाली. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, तेव्हा तोच लिहिते.

आधी थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कंप्युटर विकत आणला की तो नुसता डबा असतो. तुमचं काम आणि तो डबा यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. तुम्ही कळ दाबली, ती कुठं पोचवायची, कागद कुठं छापायचा, चित्र कुठं ठेवायचं, हे सगळं तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एक असते विकतची. दुसरी खुली. खुली म्हणजे ती लिहिणाऱ्यांनी आतला सगळा मजकूर जगापुढं ठेवलेला असतो: बघा, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. तसा परवानाच ते लेखी देतात. लिनक्स ही त्यातली. तिचे बियाण्यासारखे पुष्कळ वाण आहेत. कुठला वाण कुठल्या जमिनीत लावायचा, हे ज्याला कळतं त्याचंच पीक येतं.

आपल्या शहरात तेव्हा तिसराच प्रकार चालायचा. विकतच्या सिस्टिमची चोरलेली सीडी. प्रत्येक दुकानदाराकडं ती असायची, मार्कर पेनानं नाव लिहिलेली. गिऱ्हाईक आलं की तीच टाकायची. बँकेतला कारकून असो, क्लासवाले असोत की डॉक्टर, सगळ्यांना तीच. कुणाला काही विचारायचं नाही. सहा महिन्यांत व्हायरसनं मशिन बसलं की पुन्हा तीच सीडी. खोटं कशाला बोलू, पहिली पाच-सहा वर्षं माझ्याही ड्रॉवरमध्ये ती सीडी होती. मग मी लिनक्स शिकले आणि ती सीडी मोडून टाकली.

मोडली ते बरं केलं. पण नवीन शिकलेल्या माणसाला जो उत्साह येतो, तो मला जरा जास्तच आला. गुलमंडीच्या बाजूला अशोकराव म्हणून एकांचं लग्नपत्रिका आणि पत्रकं जुळवायचं दुकान होतं. त्यांचं मशिन व्हायरसनं पार खाल्लेलं. मी म्हटलं, "अशोकराव, आता चोरीचं नको. मी तुम्हाला असं देते की पुन्हा व्हायरसचं नाव घेणार नाही." ते बिचारे हो म्हणाले. मी लिनक्स टाकलं, त्यांच्या सगळ्या फायली नीट परत ठेवल्या आणि ऐटीत निघून आले. दुसऱ्या दिवशी ते धावतच जिना चढून वर आले. वीस वर्षांच्या सगळ्या पत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होता. छापखान्यातले ते जुने मराठी फाँट वेगळ्या पद्धतीचे असत. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच, वर फक्त मराठीचा मुखवटा. तो मुखवटा घालणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतच नव्हता. ऐन लग्नसराई होती. सगळं पूर्ववत करायला मला चार दिवस लागले. तेवढ्यात त्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली.

"मॅडम," जाताना ते एवढंच म्हणाले, "मला काय लागतं ते एकदा विचारलं तरी का तुम्ही?"

ते पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. चोरीची सीडी न विचारता टाकणारे आणि खुलं सॉफ्टवेअर न विचारता टाकणारी मी, आमच्यात त्या दिवशी काहीच फरक नव्हता. तेव्हापासून मी मशिनला हात लावायच्या आधी माणसाला खुर्ची देऊन विचारायला लागले.

काकडे गुरुजी आले ते दुष्काळाचे दिवस होते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. माझं घर पडेगावला. दौलताबाद रोडच्या कडेनं तेव्हा रो-हाऊसेस आणि प्लॉटिंगचे बोर्ड उगवत होते, आणि त्या नव्या घरांना बोअरचं पाणी काही लागत नव्हतं. टँकरचा दिवस सांभाळून मी दुकान उघडायची. अशाच एका दुपारी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशीतले एक गृहस्थ खांद्यावर पोतं घेऊन वर आले. पोत्यातून त्यांनी गोधडीत गुंडाळलेलं मशिन काढलं.

"मी काकडे. सोयगाव तालुक्यातल्या शाळेत शिक्षक हाय. यष्टीनं आनलंय ह्ये, मांडीवर धरून. ह्ये मेलंय का जित्तं हाय तेवढं सांगा."

पहिल्यांदाच कुणीतरी मला साहेब कुठंयत असं विचारलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. ते अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं सांडू नये म्हणून त्यांनी बाजूला जपून ठेवलं.

त्यांच्या शाळेत असे आठ कंप्युटर होते. काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून आलेले. पुरवठादाराच्या माणसानं त्यात चोरीची सीडी टाकली होती, एका पेनड्राइव्हवरून व्हायरस आला आणि आठही बसले. आता तोच पुरवठादार म्हणत होता, हे भंगार झालेत. मोडीत काढायच्या कागदावर सही करा, नवे देतो.

"मग करा की सही. नवे मिळतील," मी म्हटलं.

"नवे कवा येतील? ह्ये आले तवा मागणी करून तीन वर्षं झाली हुती. तवर माझी सातवीची पोरं निघून जात्याल. आन् मॅडम, मला ह्ये मेलेलं वाटत नाय. चालू केलं की पंखा लई जोरात फिरतो."

मी उघडलं. त्यांचं खरं होतं. डब्यात काहीही बिघाड नव्हता. फक्त मेमरी कमी होती. विकतची नवी सिस्टिम त्यावर चाललीच नसती. मग मी अशोकरावांनी शिकवलेलं काम केलं. वही काढली आणि विचारत गेले. मुलं काय करणार? मराठी टाइप करतील, चित्रं काढतील, गणितं सोडवतील. इंटरनेट आहे? नाही. लाईट? दिवसाकाठी चार तास, तीही मधेच जाते. जुने फाँट, जुन्या फायली? काही नाहीत. इंग्रजी येतं मुलांना? गुरुजी हसले. "मलाच कुठं येतं."

म्हणजे हलकी, मराठीतून बोलणारी आणि लाईट गेली तरी न कोलमडणारी सिस्टिम हवी होती. लिनक्सची एक सोय अशी की सीडीवरून, मशिनमध्ये काही न टाकता, नुसती चालवून बघता येते. मी तीन वाण लावून बघितले. पहिला दिसायला देखणा, पण त्या मशिनवर माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. दुसरा पळाला छान, पण त्यात 'क्ष' आणि 'श्र' तुटून दिसायला लागले. गुरुजी म्हणाले, "नको, आमच्यात एक श्रद्धा हाय, रडंल ती." तिसरा अगदी साधा, करड्या रंगाचा. पण झटकन उघडला. जोडाक्षरं नीट. भाषा मराठी केली तर पडद्यावर 'फाईल', 'जतन करा', 'बंद करा' अशा पाट्या आल्या. कुणीतरी कुठंतरी बसून, कुणी सांगितलेलं नसताना, त्या पाट्यांचं मराठी केलं होतं. गुरुजी 'जतन करा'वर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.

मग एक रविवार काढला आणि मी त्यांच्या गावाला गेले. आठातलं एक खरंच मेलं होतं. त्याची मेमरी काढून बाकीच्यांना वाटली. सात चालू झाले. कीबोर्डवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीवर माझ्या हातानं अक्षरं लिहून कळांवर लावली. मुलं खिडकीला लगडली होती. कावेरी नावाची सातवीतली मुलगी सगळ्यांत आधी आत आली आणि म्हणाली, "बाई, ह्ये लिहिलं आन् लाईट गेली तं?" मी तिला जतन करायला शिकवलं. तिनं ते बाकीच्यांना माझ्यासमोरच शिकवलं. माझ्या धंद्यात मी याहून मोठी कामं केली आहेत, बँकांची केली आहेत. पण त्या दिवशी परत येताना सिल्लोडपर्यंत मी एसटीत एकटीच हसत होते.

चार महिन्यांनी गुरुजींचा फोन आला. त्यांना नोटीस आली होती. "शासकीय संगणकांवर परवाना नसलेलं सॉफ्टवेअर बसवलं." तक्रार पुरवठादाराची. सुनावणी शिक्षण खात्याच्या शहरातल्या कार्यालयात होती. मी म्हटलं, मी येते.

ज्या साहेबांपुढं आम्हाला बसवलं त्यांचं नाव मी लिहीत नाही. पुरवठादाराचा माणूस आधीच चहा घेत बसला होता. गुरुजींना कुणी बसा म्हटलं नाही. मीच त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"लायसन्स दाखवा," साहेब म्हणाले.

मी परवान्याची छापलेली पानं पुढं केली. त्यांनी शेवटचं पान उलटून बघितलं. "यावर शिक्का कुठंय?"

"शिक्का नसतो याच्यावर. जगात कुणीही वापरावं असा परवाना आहे. खाली लिहिलंय तसं."

"बिल?"

"बिल नाही. विकत घेतलेलं नाही, फुकट मिळतं."

"म्हणजे चोरीचं," पुरवठादाराचा माणूस बशी खाली ठेवत म्हणाला.

"चोरीचं नाही. देणाऱ्यानं हातानं दिलेलं आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मॅडम, सरकारी कामात फुकट असं काही नसतं," साहेब म्हणाले. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण? बिल असलं की कंपनी जबाबदार."

साहेबांच्या टेबलावर त्यांचा कंप्युटर होता. त्याचा पडदा अर्धा माझ्याकडं वळलेला. काळाकुट्ट. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ. आमच्या धंद्यातला कुणीही ती दहा फुटांवरून ओळखतो. ही प्रत अस्सल नाही, असं ती सिस्टिम स्वतःच सांगत होती.

"साहेब, तुमच्या पडद्यावर कोपऱ्यात काय लिहिलंय?"

त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "ते येत असतं नेहमी."

"ते येतं कारण तुमची सिस्टिम चोरीची आहे. कुणी बसवली?"

चहा पिणारा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. बसवणारा कोण, हे मला तेवढ्यावर कळलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ते त्या माणसाला झापतील. ते मलाच म्हणाले, "तुम्ही इथं कुणाच्या परवानगीनं आलात? तुमचा या शाळेशी संबंध काय?"

मला बाहेर काढलं. दारातून मी गुरुजींना बघितलं. मान खाली घालून ते माझी ती पानं नीट जुळवत होते, एकावर एक, कडा सारख्या करून.

पुढं काय झालं ते थोडक्यात. एका रविवारी शाळा बंद असताना टेम्पो आला आणि सातही मशिनं घेऊन गेला. मोडीत काढायच्या कागदावर मुख्याध्यापकांकडून सही आदल्या दिवशीच घेतली होती. महिन्याभरात नवे आठ आले, खोक्यांत. ते बसवायचा माणूस वेगळा, तो पुढं येणार होता. तो वर्षभर आला नाही. खोकी उघडायची परवानगी गुरुजींना नव्हती. मुलं त्या खोक्यांवर दप्तरं ठेवायची.

पडेगावला, माझ्या घराच्या अलीकडंच, सलीमभाईंचं भंगाराचं गोदाम होतं. जुनी मेमरी, पंखे असं मी त्यांच्याकडून नेहमी घ्यायची. एका शनिवारी सकाळी गेले तर ते म्हणाले, "आपा, आज अजीब माल आया. तोडने के वास्ते लिया था, चालू करके देखा तो मराठी में बात कररा."

मी आत गेले. लोखंडाच्या ढिगाजवळ, पत्र्याच्या सावलीत, तीन मशिनं. चार आधीच फोडून झाली होती. कीबोर्डवर पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या, माझ्या अक्षरातल्या. 'म' आणि 'आ' बोटांनी घासून पुसट झालेले.

सलीमभाईंनी स्टूल दिलं. मी बसले आणि एक चालू केलं. आत मुलांच्या नावांची फोल्डरं होती. चित्रं होती, बहुतेकांत टँकर, घागरी आणि लांबच लांब रांग. कावेरीच्या फोल्डरात एक निबंध होता. तो मी तिथंच उतरवून घेतला, अजून माझ्याकडं आहे.

"आमच्या गावात टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. टँकर आला की आम्हाला शाळेतून घरी पाणी भरायला जावे लागते. आमच्या शाळेत सात संगणक आहेत. गुरुजी म्हणतात, सावकाश भरून या, तुमचे लिहिलेले कुठे जात नाही."

मी उठून बाहेर रस्त्यावर गेले. मग तिथूनच गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, तुमची मशिनं सापडली. भंगारात. तीन चालू आहेत."

मग ते म्हणाले, "आधी पोरांचं काढून घ्या मॅडम. डब्याचं मागून बघू."

काढून घेतलं. फुटलेल्या चारांच्या डिस्कही सलीमभाईंनी ढीग उपसून शोधून दिल्या. त्यातल्या तीन डिस्कांवरचं वाचवता आलं. चौथी वाकली होती. तिच्यावर कुणाकुणाचं काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

ती तीन मशिनं परत शाळेत नेता येत नव्हती. कागदोपत्री ती नष्ट झालेली होती, आणि नष्ट झालेली वस्तू सरकारी इमारतीत ठेवणं हाही गुन्हा. गुरुजींनी ती गावातल्या समाजमंदिरात मांडली. शाळा सुटली की मुलं तिकडं जायची. शाळेतले नवे कंप्युटर खोक्यांत आणि पन्नास पावलांवर भंगारातले चालू, असं ते सव्वा वर्ष चाललं. खोकी उघडून नवे कंप्युटर बसवले तेव्हा त्यात कुठली सिस्टिम टाकली, ते लिहायला नको. मार्कर पेनानं नाव लिहिलेली तीच चोरीची सीडी. कावेरी तोवर आठवीला सोयगावला गेली होती. तिथल्या शाळेत कंप्युटर नव्हते.

लोक मला अजून विचारतात, घरच्या मशिनवर कुठली सिस्टिम टाकू? मी विचारते, तुम्ही त्यावर करणार काय? लोक वैतागतात. त्यांना नाव हवं असतं. कुणाला विकतची लागते, तर मी विकत घ्या म्हणते, रीतसर. कुणाला खुली पुरते. पण आधी काम सांगा, मग नाव. एवढं साधं विचारायला ज्यांना सरकारनं पगारी बसवलं आहे, त्यांनी विचारलं असतं तर फोडलेली चार मशिनं आणि ती एक डिस्क वाचली असती. हे मी त्या साहेबांना लेखी कळवलं होतं, मुलांचे निबंध सोबत जोडून. पोच मिळाली. उत्तर नाही.

गुरुजी निवृत्त झाले त्या आठवड्यात दुकानात आले. हातात पेढे आणि त्यांच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स. एकतीस वर्षांच्या नोकरीत तांबड्या शाईचा एकच शेरा होता. त्यांनी तो मला बोटानं दाखवला: "संगणकांमध्ये अनधिकृत बदल केले."

मी म्हटलं, "गुरुजी, हे खोडून घेऊ. आपण वर अर्ज करू. मी करते सगळं, वकील बघते."

"नको," ते म्हणाले. "खोडायचं कशाला? बदल तर केलाच हुता की आपन."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी पेढा खाल्ला, आणि ते जिना उतरून गेल्यावर तो अर्ज लिहायला बसले.